जुन्या रणगाड्यांचा जीर्णोद्धार

जुन्या वस्तूंचा छंद आपल्याकडे नवा नाहीं. कोणी नाणीं जमवितो, कोणी टपालाचीं तिकिटें. कोणाच्या घरीं आजोबांचें बंद पडलेलें घड्याळ असतें, आणि घरांतील एखादा हौशी मुलगा तें उघडून, पुसून, तेल घालून पुनः चालतें करतो. टिकटिक सुरू झाली कीं सगळें घर त्याभोंवतीं गोळा होतें. त्या आनंदाचें कारण वेळ कळूं लागली हें नसतें. वेळ सांगणारीं घड्याळें घरांत दुसरींही असतात. गेलेल्या माणसाच्या हातची एक वस्तु पुनः जागी झाली, हा तो आनंद असतो.

परंतु हाच छंद एखाद्यानें चार टनांच्या, किंवा चाळीस टनांच्या वस्तूबद्दल धरला तर? इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांत अशीं माणसें आहेत. आठवडाभर आपापला उद्योग करून सुटीच्या दिवशीं तीं एखाद्या पत्र्याच्या शेडमध्यें जमतात, आणि महायुद्धांतील एखादी गंजलेली चिलखती गाडी किंवा रणगाडा उकलीत बसतात. पैसा जातो, पाठ दुखते, नखांत शिरलेलें वंगण सोमवारपर्यंत निघत नाहीं. तरी वर्षानुवर्षें हें काम चालतें.

कोणासही वाटेल कीं, ज्या यंत्रांनीं माणसें मारलीं, तीं वितळवून त्यांचे नांगर करावे. त्यांच्यावर एवढी ममता कशासाठीं? ही शंका योग्य आहे, आणि या छंदांतील विचारी माणसें ती टाळीत नाहींत. तिचें उत्तर शोधतांना आपल्याकडील एका जुन्या रीतीची आठवण होते. पडक्या देवळाचा आपण जीर्णोद्धार करतों. परंतु भंगलेली मूर्ति सांधून पुनः पूजेस लावीत नाहीं. काय उभारावें आणि कोणता भंग तसाच मान्य करावा, हा विवेक त्या रीतींत आहे. रणगाड्यांच्या छंदाचें सारें मर्मही त्याच विवेकांत आहे.

या छंदांतील पुष्कळांचें पहिलें वाहन म्हणजे ‘युनिव्हर्सल कॅरियर’. लोकांच्या तोंडीं तिचें नांव ‘ब्रेन कॅरियर’, कारण ब्रेन नांवाची हलकी मशिनगन व ती चालविणारे शिपाई तींतून नेत असत. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं ब्रिटनमध्यें तिची घडण सुरू झाली. पुढें कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिका येथील कारखानेही या कामास लागले, आणि सर्व मिळून सुमारें १,१३,००० गाड्या तयार झाल्या. इतक्या मोठ्या संख्येनें दुसरी कोणतीही चिलखती लढाऊ गाडी निघाली नसेल. वजन सुमारें पावणेचार टन, लांबी बारा फूट, वर छप्पर नाहीं. जणूं पट्ट्यांवर धांवणारी लोखंडी पेटीच. चिलखताची जाडी ७ ते १० मिलिमीटर, म्हणजे बंदुकीची गोळी अडावी, तोफेचा गोळा अडूं नये, एवढीच. आफ्रिका, इटली व ब्रह्मदेश येथील रणांगणांवर हिंदी सैन्यानेंही ती वापरली होती.

युद्ध संपतांच या गाड्या स्वस्तांत विकल्या गेल्या. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील शेतकऱ्यांनीं कित्येक गाड्या घेतल्या, नको तेथलें चिलखत कापून काढलें, मागें अवजार जोडलें आणि ट्रॅक्टरसारख्या त्या राबविल्या. तलवारीचा नांगर करावा म्हणतात, तो येथें अक्षरशः झाला. इंजिन थकल्यावर गाडी कुंपणाशीं उभी राहिली. तिच्यांत पाणी सांचलें, गवत वाढलें. पुढें अशीच एखादी गाडी छंदी मनुष्याच्या दृष्टीस पडते, आणि तिच्या दुसऱ्या जन्मानंतर तिसऱ्या जन्माची तयारी सुरू होते.

त्या कामाचा आरंभ हातोड्यानें होत नाहीं, वहीनें होतो. जाणता मनुष्य प्रथम गाडीच्या प्रत्येक अंगाचें छायाचित्र घेतो, प्रत्येक पत्र्यास व नळीस क्रमांक देतो, आणि सोडविलेला प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावलेल्या डब्यांत टाकतो. आज उकललेली वस्तु जोडण्याची पाळी कदाचित् तीन वर्षांनीं यावयाची असते, आणि माणसाची स्मृति तितकी भरंवशाची नसते. मग गंजाशीं झुंज सुरू होते. गाडीच्या एकेका पट्ट्यांत शंभराहून अधिक कड्या पोलादी खिळींनीं ओवलेल्या असतात, आणि गंजून त्या एकजीव झालेल्या असतात. त्यांवर पातळ तेल सोडावयाचें, रात्रभर थांबावयाचें, ज्योतीनें तापवावयाचें, हलकेंच ठोकून पाहावयाचें, आणि खीळ हललीच नाहीं तर पुनः तेल सोडावयाचें. उतावळा मनुष्य येथें कडी फोडतो, आणि मग तशी दुसरी कडी मिळविण्यांत त्याचे कित्येक महिने जातात.

रंग खरवडतांना तर हात सर्वांत हळू चालवावा लागतो. शेतकऱ्यानें दिलेल्या रंगाखालीं सैन्याचा हिरवा रंग असतो; केव्हां केव्हां त्याहीखालीं वाळवंटाचा पिवळसर रंग निघतो. या थरांमध्यें एखादा क्रमांक, एखाद्या पलटणीची खूण, शिपायानें हौसेनें गाडीस दिलेलें एखादें नांव हळूहळू दिसूं लागतें. त्या अर्धवट पुसलेल्या खुणेवरून लष्करी दप्तरें चाळून, ही गाडी कोणत्या आघाडीवर होती, याचा माग काढतां येतो. तोच थर वाळूच्या माऱ्यानें घाईघाईनें उडविला, तर गाडी चकचकीत होते खरी. पण ती कायमची मुकी होते.

इंजिनाच्या बाबतींत या गाडीनें छंदी लोकांवर उपकारच केले आहेत. तिच्यांत फोर्ड कंपनीचें आठ सिलिंडरांचें, सुमारें ८५ अश्वशक्तीचें इंजिन असतें. त्याच घराण्याचीं इंजिनें त्या काळच्या मोटारींत व ट्रकांत बसविलेलीं असल्यामुळें सुटे भाग अजूनही मिळतात. हें इंजिन गाडीच्या मध्यभागीं, माणसांच्या अगदीं शेजारीं असतें. त्याची उष्णता आणि त्याचा आवाज यांत शिपायांचा सारा दिवस कसा गेला असेल, हें उभ्या गाडीकडे पाहून समजत नाहीं. इंजिन सुरू झालें कीं अर्ध्या घटकेंत समजतें.

वळणाची युक्तिही अशीच. चालकानें चक्र थोडें फिरविलें, तर चाकांची पुढील जोडी किंचित् बाजूस सरकते, सबंध पट्टाच धनुष्यासारखा वांकतो आणि गाडी डौलानें वळते. चक्र अधिक फिरविलें, तर एका बाजूच्या पट्ट्यास ब्रेक लागतो आणि गाडी झटक्यानें तोंड फिरविते. कागदावर ही गोष्ट दोन ओळींत लिहितां येते. परंतु चिखलांत, उतारावर, अंधारांत हें चक्र किती फिरवावें, हें ज्ञान चालकाच्या मनगटांत होतें. आणि तीं मनगटें आतां बहुतेक राहिलीं नाहींत. गाडी चालती ठेवणें म्हणजे तें ज्ञान चालतें ठेवणें होय. काचेच्या पेटीपेक्षां चालत्या यंत्राची मातब्बरी ती हीच.

गाडी एकदां चालूं लागली म्हणजे काम संपलें, असें नवशिक्यांस वाटतें. वास्तविक तेथून दुसरें काम सुरू होतें, आणि त्यास शेवट नाहीं. बंद गाडींतील पेट्रोल शिळें होऊन चिकट होतें आणि कार्ब्युरेटरचीं बारीक भोंकें बुजवितें. रबराच्या नळ्या कडक होऊन तडकतात. ब्रेक जागच्या जागीं चिकटून बसतात. पोटांत पाणी सांचून तळ आंतून गंजतो. म्हणून ठराविक काळानें गाडी सुरू करावी लागते. आणि सुरू केली तर पुरती तापेपर्यंत चालवावी लागते. पांच मिनिटें इंजिन घुरघुरवून बंद केलें, तर आंत धरलेला दमटपणा वाळत नाहीं. तो तेलांत मिसळून इंजिनच खातो. प्रत्येक फेरीपूर्वीं पट्ट्याचा ताण पाहावयाचा, प्रत्येक फेरीनंतर खिळी तपासावयाच्या. गाय बाळगणाऱ्यास जशी सुटी नसते, तशी ती या माणसांसही नसते.

या कामांत धोकेही आहेत. अंधारांत दिसाव्या म्हणून जुन्या उपकरणांच्या तबकड्यांवर रेडियममिश्रित रंग लावीत. तो खरवडणें घातक असतें. जुन्या ब्रेकांच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असतें. त्याची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाऊं देतां कामा नये. आणि कोनाकोपऱ्यांत न फुटलेला दारुगोळा राहिलेला असण्याची भीति तर नेहमींचीच. २०१७ सालीं इंग्लंडमधील एका संग्राहकानें सोव्हिएत धर्तीचा एक रणगाडा विकत घेतला. इंधनाची टांकी उघडतांना आंत दारुगोळा असावा या धास्तीनें त्यानें सर्व कामाचें चित्रीकरण चालू ठेविलें. आंतून निघाल्या त्या सोन्याच्या पांच लगडी! त्या त्यानें पोलिसांच्या स्वाधीन केल्या. असें नशीब सहसां कोणाच्या वांट्यास येत नाहीं. उलट, घरांतलें सोनें टांकींत जातें, हाच बहुतेकांचा अनुभव.

या छंदास एखाद्यानें आपलें सारें आयुष्य वाहिलें तर काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंतील जॅक्स लिटलफील्ड यांचें. स्टॅनफर्ड विद्यापीठांत शिकलेल्या या गृहस्थांनीं प्रथम रणगाड्यांच्या लहान प्रतिकृति केल्या. १९७० नंतरच्या दशकांत त्यांनीं पहिली खरी चिलखती गाडी घेतली, आणि पुढें कॅलिफोर्नियांतील आपल्या माळरानावर दोनशेंहून अधिक लष्करी वाहनें जमविलीं. त्यांत एक जर्मन ‘पँथर’ रणगाडा होता. तो पोलंडमधील एका नदींत जवळजवळ अर्धें शतक पडून होता. १९९० च्या सुमारास तो वर काढण्यांत आला. आंतून फाटलेला, बाहेरून कुजलेला तो सांगाडा उभा करण्यांत कारागिरांची वर्षांमागून वर्षें गेलीं. २००८ सालीं तो रणगाडा तयार झाला. जानेवारी २००९ मध्यें लिटलफील्ड निवर्तले.

छंदी माणसाच्या मागें त्याच्या वस्तूंचें काय होतें, हा प्रश्न तेव्हां उभा राहिला. नाण्यांचा संग्रह मुलाच्या कपाटांत राहूं शकतो; रणगाड्यांचा राहत नाहीं. तो संग्रह एका संस्थेकडे गेला. २०१४ सालीं त्यांतील पुष्कळ वाहनांचा लिलांव झाला, आणि राखून ठेवलेल्या वाहनांसाठीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत २०१९ सालीं एक संग्रहालय उघडलें. पँथर आज तेथें आहे. संग्रह जमवितांनाच त्याच्या वारसाची तजवीज केली पाहिजे, हा धडा या क्षेत्रांतील अनेकांनीं या प्रसंगावरून घेतला असेल.

आतां दोन रणगाडे शेजारीं-शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यांतील बोव्हिंग्टन येथील संग्रहालयांत आहे. ‘टायगर’ जातीचा, सुमारें ५७ टनांचा हा जर्मन रणगाडा १३१ या क्रमांकानें ओळखला जातो. एप्रिल १९४३ मध्यें ट्युनिशियांत एक गोळा त्याच्या बुरुजाच्या सांध्यांत बसला, बुरूज फिरेनासा झाला, आणि आंतील माणसें तो तसाच सोडून गेलीं. अशा रीतीनें तो ब्रिटिशांच्या हातीं आला आणि १९५१ सालीं संग्रहालयांत पोंचला. १९९० सालीं त्याच्या जीर्णोद्धाराचें काम हातीं घेण्यांत आलें, तेव्हां अडचण अशी निघाली कीं, त्याचें मूळ इंजिन पूर्वींच आडवें कापून, आंतील रचना दिसावी म्हणून प्रदर्शनांत मांडलेलें होतें. अखेर संग्रहालयांतील दुसऱ्या एका मोठ्या जर्मन रणगाड्याचें इंजिन त्यास बसविलें. डिसेंबर २००३ मध्यें तो आपल्या बळावर चालत परत आला, तेव्हां चालणारा टायगर म्हणून जगांत तो एकटाच होता.

येथें एक शंका निघते. इंजिन दुसऱ्याचें, आग विझविण्याची योजना आजची. मग हा तोच रणगाडा म्हणावयाचा का? जीर्णोद्धार करणारांनीं या शंकेस दोन प्रकारें मान दिला. जो बदल केला त्याची नोंद ठेविली. आणि गोळ्यांनीं पोलादावर केलेले घाव भरून काढले नाहींत. आजही तो रणगाडा वर्षांतून मोजक्याच दिवशीं लोकांसमोर चालतो. कारण प्रत्येक फेरींत मूळ लोखंड थोडें झिजतें, आणि तें परत मिळत नाहीं. चालविणें आणि राखणें या दोहोंत असा नित्य सौदा करावा लागतो.

दुसरा रणगाडा उत्तर फ्रान्समधील फ्लेस्किएर या खेड्यांत आहे. तो पहिल्या महायुद्धांतला, ‘मार्क चार’ जातीचा ब्रिटिश रणगाडा. त्या काळीं प्रत्येक दलांतील रणगाड्यांचीं नांवें त्या दलाच्या अक्षरापासून ठेवीत. हा ‘डी’ दलांतला, म्हणून ‘डेबोरा’. २० नोव्हेंबर १९१७ रोजीं काम्ब्रेच्या लढाईंत, ज्या लढाईंत प्रथमच शेंकडों रणगाडे एकदम पुढें सरसावले, त्या लढाईंत तो या खेड्यांतून पार होत असतां तोफेच्या गोळ्यांनीं फुटला. आंत आठ माणसें होतीं; त्यांपैकीं पांच तेथेंच पडलीं. पुढें तो निकामी रणगाडा खड्ड्यांत पुरला गेला आणि लोक त्यास विसरले.

काम्ब्रे येथें फिलिप गोर्झिन्स्की नांवाचे एक हॉटेलचालक आहेत. त्यांना या लढाईचा छंद. गांवांतील एका वृद्ध स्त्रीच्या आठवणीचा धागा धरून त्यांनीं कित्येक वर्षें शोध केला, जुनीं विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें तपासलीं, आणि नोव्हेंबर १९९८ मध्यें पुरातत्त्वज्ञांच्या साहाय्यानें डेबोरा जमिनींतून वर काढली. तिची पुढील बाजू फाटलेली होती, पत्रे आंत वळलेले होते. कसबी कारागिरांनीं मनावर घेतलें असतें, तर ते पत्रे सरळ करून, नवे जोडून, रंग देऊन तिला नवी कोरी करतां आली असती. गोर्झिन्स्की यांनीं तसें कांहीं केलें नाहीं. गंज पसरूं नये एवढी काळजी घेऊन त्यांनीं तिला भंगली तशीच ठेविली. कारण ते फाटलेले पत्रे हाच तिचा इतिहास होता. २०१७ सालीं, लढाईस शंभर वर्षें झालीं तेव्हां, तिच्यासाठीं संग्रहालय उघडलें, तें ब्रिटिश सैनिकांच्या दफनभूमीच्या शेजारीं. तिच्यांत पडलेलीं पांच माणसें त्याच दफनभूमींत विसावलीं आहेत. यंत्र आणि त्याचीं माणसें यांत आतां थोडींच पावलें उरलीं आहेत.

टायगर चालविला हें योग्य, आणि डेबोरा चालविली नाहीं हेंही योग्य. एकांत यंत्राचें ज्ञान राखावयाचें होतें, दुसरींत माणसांची आठवण. छंदी माणसानें पाना हातीं घेण्यापूर्वीं आपल्यापुढील वस्तु यांपैकीं कोणती, हें ओळखलें पाहिजे.

हा विचार आपल्यापासून दूरचा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांतही चिलखती गाड्या तयार झाल्या. कॅनडांतून फोर्डचे सांगाडे येत, आणि त्यांवर येथलें चिलखत चढविलें जाई. जमशेदपूरच्या पोलादाशीं असलेल्या नात्यामुळें या गाडीस ‘टाटानगर’ असेंच नांव पडलें. साडेचार हजारांहून अधिक गाड्या निघाल्या. त्यांतल्या आज फारच थोड्या शिल्लक आहेत. आणि महाराष्ट्रांतच अहिल्यानगर येथें, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरास, सैन्याच्या चिलखती दलानें १९९४ सालीं रणगाड्यांचें संग्रहालय उघडलें आहे. सुमारें पन्नास वाहनें तेथें पाहावयास मिळतात: रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार, महायुद्धांतील ब्रिटिश, जर्मन व जपानी वाहनें, १९६५ च्या युद्धांत हातीं आलेला पॅटन, आणि मद्रासजवळील आवडी येथें घडलेला विजयंता.

अशा उभ्या रणगाड्यांसही निगा लागतेच. पाणी निघून जाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणें, वरच्या झडपा घट्ट बंद करणें, आणि गंजावर नुसता रंग न फांसतां आधीं तो गंज काढणें, एवढें झालें तरी लोखंड पिढ्यान् पिढ्या टिकतें. परंतु लोखंडापेक्षां लवकर नाहींशी होणारी एक वस्तु आहे. हीं यंत्रें ज्यांनीं चालविलीं, दुरुस्त केलीं, त्यांच्या आठवणी पुष्कळ घरांतून अजून शिल्लक आहेत. निवृत्त जवानाच्या तोंडून त्या उतरून घेण्यास शेड लागत नाहीं, कीं अवजारें लागत नाहींत. एक वही आणि एक निवांत संध्याकाळ पुरते. जीर्णोद्धाराचें हें काम कोणासही करतां येण्याजोगें आहे.

सुटींत मुलांना घेऊन अहिल्यानगरास जाणाऱ्या पालकांनीं तोफेच्या नळीशेजारीं छायाचित्र घेण्यापूर्वीं एक क्षण वरच्या झडपेकडे पाहावें. ती किती अरुंद आहे, तें मुलांस दाखवावें. तींतून किती माणसें आंत गेलीं आणि किती परत बाहेर आलीं, हा प्रश्न मुलांच्या मनांत आपोआप उभा राहील. ज्या जीर्णोद्धारांत या प्रश्नाचा विसर पडत नाहीं, तोच खरा जीर्णोद्धार.